खिडकी कुणाच्या वाट्याला?

नव्या इमारतीची जाहिरात हातात पडली की त्यातला फ्लॅटचा नकाशा जरा निरखून पाहावा. दारातून आत आलं की हॉल. घरातली सगळ्यांत मोठी खिडकी हॉलला, शक्यतो रस्त्याच्या किंवा बागेच्या बाजूला. मग अरुंद पॅसेज, त्याच्या टोकाला दोन बेडरूम आणि त्यांना मध्यम आकाराच्या खिडक्या. स्वयंपाकघर आतल्या अंगाला, लिफ्टच्या भिंतीला किंवा डक्टला लागून. त्याची खिडकी बऱ्याचदा डक्टमध्येच उघडते. समोर सांडपाण्याचे पाइप, खाली कबुतरांची घाण आणि शेजारच्या एक्झॉस्टमधून येणारा वास.

आता त्याच नकाशावर पेन्सिलीने तास लिहावेत. कुठल्या खोलीत घरातलं कोण, दिवसाचे किती तास असतं? हॉल दिवसभर बहुतेक घरांत रिकामा असतो. बेडरूम रात्री वापरात येते, तेव्हा खिडकीबाहेर अंधार असतो आणि पडदाही ओढलेला असतो. स्वयंपाकघरात मात्र पहाटेच्या चहापासून रात्रीची भांडी आवरेपर्यंत कुणी ना कुणी उभं असतं, आणि ते कुणी म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. घरात आजी किंवा आजोबा असतील, तर त्यांचा जवळजवळ सगळा दिवस घरातच जातो. त्यांची कॉट कुठे असते? पॅसेजच्या तोंडाशी, हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, नाहीतर नातवंडांच्या खोलीत कपाटाच्या आडोशाला.

घर सजवण्याबद्दल मराठीत आता पुष्कळ छापून येतं. भिंतीचा रंग कुठला, सोफा कसा, कुठल्या दिशेला काय ठेवावं. मला या लेखात त्याच्या अलीकडची एक गोष्ट मांडायची आहे. घरात जो सर्वांत जास्त वेळ असतो, त्याला घरातली सर्वांत उजेडाची, वाऱ्याची आणि सोयीची जागा मिळायला हवी. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या नेमकं उलट घडत आलं आहे. आजही लाखो रुपये खर्चून ते पुन्हा पुन्हा घडवलं जातं. घरातल्या माणसांचं आरोग्य आणि मन यांवर या एका वाटणीचा जेवढा परिणाम होतो, तेवढा कुठल्याही सजावटीचा होत नाही.

उजेड आणि हवा हा चैनीचा विषय नाही, हे मुंबई फार मोठी किंमत देऊन शिकली होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. हा प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. माणसं शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. मांडवीतल्या दाटीच्या इमारतींमध्ये अशा खोल्या होत्या की दिवसाही दिवा लावल्याशिवाय माणसाचं तोंड दिसत नसे. दोन इमारतींच्या मधली बोळ सफाई कामगारांच्या वाटेपुरती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कळलेलं नव्हतं. पण अंधारी, कोंदट खोली माणसाला आजारी पाडते हे डॉक्टरांना दिसत होतं. त्यातून १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला.

या ट्रस्टने वस्त्या पाडल्या, हजारो गरिबांना बेघर केलं, आणि त्यांच्यासाठी बांधलेली घरं पाडलेल्या घरांच्या मानाने अपुरी होती. ते पाप त्याच्या खात्यावर आहेच. पण ट्रस्टच्या कामातून एक साधा, मोजता येणारा नियमही मिळाला. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे प्रमुख अधिकारी. १९१२ साली त्यांनी मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह होता साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा. खोलीच्या खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांत वर एक रेषा ओढायची. ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. सोप्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून अधिक नको. दोन इमारतींत पाच मीटर अंतर असेल, तर समोरची इमारत दहा मीटरपर्यंत. एवढं पाळलं की तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा मिळतो.

दादर-माटुंग्याची वस्ती ट्रस्टच्याच योजनेतली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांच्या जुन्या गल्ल्यांतून आजही चालून पाहा. तीन-चार मजल्यांच्या इमारती, मध्ये झाडं, प्रत्येक घराला निदान दोन बाजूंनी खिडक्या. तिथे वाढलेली माणसं त्या घरांविषयी इतक्या मायेने का बोलतात, त्याचं एक कारण या भूमितीत आहे.

आणि मग शंभर वर्षांनी आपण काय बांधलं, ते पाहायला गोवंडीला जावं.

नटवर पारेख कंपाउंड ही रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्या झोपडीधारकांसाठी उभारलेली वसाहत. सात-सात मजल्यांच्या इमारती आणि दोन इमारतींमध्ये सुमारे तीन मीटर जागा. त्या जागेत वरून टाकलेला कचरा, गळक्या पाइपांचं पाणी. खालच्या मजल्यांवरच्या घरांत भर दुपारी ट्यूबलाइट लागते. आत २२५ चौरस फुटांची खोली, आणि खिडकी उघडावी तर दुर्गंधी, म्हणून तीही बंद. इमारतीची उंची साधारण २१ मीटर धरली, तर ऑरसाहेबांच्या नियमाने मध्ये साडेदहा मीटर मोकळी जागा हवी होती. प्रत्यक्षात कोन निघतो ६३.५ ऐवजी सुमारे ८२ अंश. म्हणजे खालच्या घराला आकाश जवळपास नाहीच.

‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दची पीएमजी कॉलनी. घरोघरी जाऊन क्षयरोगाची माहिती घेतली, आणि त्याच घरांमध्ये उजेड किती येतो, हवा किती खेळते, खिडकीतून आकाश किती दिसतं हेही तपासलं. पहिल्या दोन वसाहतींमध्ये क्षयाचं प्रमाण पीएमजी कॉलनीच्या कितीतरी पट निघालं. पीएमजीमधल्या इमारती तुलनेने ठेंगण्या आणि अंतर राखून उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे रोग अधिक होता. कारण समजायला कठीण नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि हवा हलली नाही तर तासन् तास तरंगत राहतात. वारा आला तर ते विरळ होतात, थेट ऊन मिळालं तर मरतात. आणि या खोल्यांतही जास्तीत जास्त वेळ कोण असतं? कामाला बाहेर पडणारा माणूस दहा-बारा तास तरी मोकळ्या हवेत जातो. शिवणकाम, निवडटिपण, इमिटेशन दागिन्यांची जुळणी असली घरबसल्या मिळणारी कामं करणारी बाई आणि तिच्या मांडीवरचं मूल चोवीस तास तिथेच.

हे सगळं नियमात बसवून झालं, हे मला सर्वांत जास्त लागतं. झोपडपट्टी पुनर्वसनात इमारतींमधल्या मोकळ्या जागेच्या अटी सैल केल्या गेल्या, घरं लवकर आणि जास्त संख्येने व्हावीत म्हणून. खाजगी पुनर्विकासातही मोकळ्या जागेतली तूट प्रीमियम भरून मान्य करून घेता येते. प्रीमियम महापालिकेला मिळतो. उजेड जातो तो खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत लिहिलं आहे की, उष्ण आणि दमट हवेच्या प्रदेशात खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश असावं. पण तीन मीटरवर सात मजली भिंत असेल, तर ती एक षष्ठांश खिडकी भिंतीकडेच बघणार.

खिडकीतून काय दिसतं याने माणसाच्या शरीरावर फरक पडतो का? या प्रश्नावरचा एक जुना अभ्यास वास्तुशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या. वय, प्रकृती वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. रुग्ण थोडे होते, एकाच रुग्णालयातले होते, म्हणून यावर फार मोठे मनोरे रचू नयेत. तरी आपल्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं की त्याचं अंथरूण कुठे घालायचं, हे ठरवायला एवढं पुरेसं आहे. पाहुण्यांना दिसू नये म्हणून आजारी माणसाला आतल्या खोलीत ठेवायची पद्धत आपण सोडली पाहिजे.

उजेडाचं आणखी एक काम २००२ च्या सुमारास नीट कळलं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या वस्तू पाहण्यापेक्षा बाहेर दिवस आहे की रात्र याची खबर मेंदूला देतात. त्या खबरीवर झोप, भूक, शरीराचं तापमान यांचं दिवसाचं चक्र चालतं. त्यांना जागं करायला भरपूर उजेड लागतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो. आपल्या ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो शे-दोनशे, फार तर तीनशे. डोळ्यांना खोली उजळ वाटते, पण या पेशींच्या लेखी ती संध्याकाळ असते. दिवसभर अशा खोलीत असणारी व्यक्ती रात्री झोप नाही म्हणून तक्रार करते आणि दुपारी पेंगत राहते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे अधिकच खरं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेडच पोचतो. म्हणजे ज्यांना उजेड सर्वांत जास्त हवा, त्यांनाच आपण पॅसेजमध्ये झोपवतो.

याला उपाय खर्चाचा नाही. सकाळी खिडकीशी बसून चहा, पेपर, जप, भाजी निवडणं, जे काही असेल ते. अर्धा-पाऊण तास. आणि संध्याकाळी सातनंतर घरातला पांढरा फटक दिवा बंद करून पिवळसर, मंद दिवा. आपल्याकडे दुकानात एलईडी मागितला की ‘कूल डेलाइट’च हातात ठेवतात. बेडरूमसाठी ‘वॉर्म व्हाइट’ मागून घ्यावा.

इथे जुन्या घरांची आठवण निघणं साहजिक आहे. कोकणातल्या घराची ओटी आणि पडवी, देशावरच्या वाड्याचा सोपा, ओसरी आणि चौक, गोव्यातल्या हिंदू घरांमधलं राजांगण आणि ख्रिस्ती घरांच्या दाराशी बसायला बांधलेला बाल्कांव. या सगळ्या जागा ऊन आणि सावली यांच्या सीमेवरच्या आहेत. आत राहून बाहेरचं जग पाहता येतं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतात, आणि नको असेल तेव्हा आत वळता येतं. घरात राहणाऱ्या माणसाच्या मनाला याची केवढी गरज असते, ते टाळेबंदीत सगळ्यांना कळलं.

पण जुन्या घरांचं कौतुक करताना मी थांबते, ते माजघराशी. वाड्यातला चौक उन्हाने न्हालेला असायचा, सोप्यावर वारा असायचा, तिथे पुरुषांची बैठक. बायका माजघरात आणि स्वयंपाकघरात. माजघराला दोन बाजूंनी खोल्या, उजेड यायचा तो दारांमधून. स्वयंपाकघरात चूल, धूर, कौलांतून डोकावणारा एखादा कवडसा. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम बंद आणि अंधारी. डोळे, फुप्फुसं आणि हाडं यांची झीज त्या अंधारात झाली आणि ती कुणी मोजली नाही. उन्हाविना ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या बायकांच्या कंबरदुखीचं कारण मात्र कुणी घराच्या नकाशात शोधलं नाही. आजच्या फ्लॅटमधलं डक्टकडे तोंड केलेलं स्वयंपाकघर ही त्याच माजघराची पुढची पिढी आहे.

चाळीने नकळत यात थोडा बदल केला. गिरगाव-लालबागच्या चाळींमध्ये खोली लहान, संडास सार्वजनिक, नळाला पाणी ठरावीक वेळी. पण गॅलरी सगळ्यांची. तांदूळ निवडायला, वेणी घालायला, बाळाला ऊन दाखवायला बायका गॅलरीत येत. घरातली सर्वांत उजेडाची जागा त्यांच्याही वाट्याला आली. चाळीतून ‘सेल्फ कंटेंड’ ब्लॉकमध्ये गेलेल्या कितीतरी बायकांना पहिली काही वर्षं करमलं नाही. त्यांची गेलेली वस्तू गॅलरी होती.

मुंबईच्या फ्लॅटने गॅलरीची जागा बाल्कनीला दिली, आणि पुढे बाल्कनीही गेली. आधीच्या नियमांत ठरावीक मर्यादेपर्यंतची बाल्कनी चटई क्षेत्रात धरत नसत. लोकांनी ती पैसे भरून बंद केली आणि खोली मोठी करून घेतली. २०१२ मध्ये नियम बदलला. बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे सगळं चटई क्षेत्रात मोजायचं ठरलं आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे हवं तिथे वापरता येणारं जादा क्षेत्र मिळालं. बांधकाम व्यावसायिकाने साहजिकच ते क्षेत्र खोल्यांमध्ये घातलं. त्यानंतरच्या मुंबईतल्या कित्येक इमारतींचे दर्शनी भाग सपाट आहेत. उघड्यावर पाऊल टाकायला जागा नाही, कपडे वाळत घालायला खिडकीबाहेरची जाळी.

चार्ल्स कोरिया यांनी याच शहरात वेगळा विचार करून दाखवला होता. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण दुपारचं भाजणारं ऊन आणि पावसाचा माराही पश्चिमेचाच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांडा शोधला होता. कोरियांनी पेडर रोडच्या बाजूच्या ‘कांचनजंगा’ या १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत तोच व्हरांडा दोन मजले उंचीची कोपऱ्यातली गच्ची करून वर चढवला. ती श्रीमंतांची इमारत. पण त्याच सुमारास बेलापूरला सिडकोसाठी त्यांनी जी बैठी वसाहत आखली, ती सर्वसामान्यांसाठी होती. साधारण आठ मीटर लांब-रुंद चौकाभोवती सात घरं. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीय यांत फार अंतर नाही. प्रत्येक घराला स्वतःचं अंगण, भिंती शेजाऱ्याशी न जोडलेल्या, म्हणजे ज्याला वाढवायचं त्याने वाढवावं. आज तिथे बहुतेक घरांचे मजले चढले आहेत, कौलं गेली आहेत. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ते पाहून हळहळतात. मला त्यात यश दिसतं, कारण चौक अजून बऱ्याच ठिकाणी शिल्लक आहेत आणि संध्याकाळी त्यांत मुलं खेळतात.

आता ओट्याकडे वळू. घराच्या आतल्या सगळ्या वस्तूंमध्ये माणसाच्या शरीराला रोज सर्वांत जास्त तास भिडणारी वस्तू ओटा आहे, आणि तीच सर्वांत कमी विचाराने बांधली जाते.

दोन-तीन पिढ्यांपूर्वी स्वयंपाक बसून होत असे. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा जमिनीवर. रॉकेलचा स्टोव्ह आणि नंतर गॅस आला तसं उभ्याचं काम सुरू झालं आणि कडप्प्याचा ओटा आला. त्याची उंची गवंड्याने ठरवली. मग मॉड्युलर किचन आलं. त्याचे साचे बाहेरच्या देशांतल्या मापांवरून आलेले. चौतीस इंच, छत्तीस इंच. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. तिने छत्तीस इंची ओट्यावर कणीक मळायची म्हणजे खांदे वर उचलून मळायची. खांदे आणि मान का दुखतात, याचं उत्तर डॉक्टरांकडे जाण्याआधी ओट्यापाशी शोधता येतं.

मोजायची रीत अशी. ज्या व्यक्तीला स्वयंपाक करायचा आहे तिने सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवावं. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग हवा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला हा हिशेब साधारण बत्तीस इंचांवर येतो. साडेपाच फुटांच्या व्यक्तीला पस्तीस-छत्तीस. पण हे झालं चिरण्या-मळण्याचं. शेगडी ठेवली की चार-पाच इंच वाढतात, वर कढई किंवा कुकर आला की आणखी. पिठलं घोटताना किंवा हलवा परतताना हात खांद्याच्या पातळीला जातो. म्हणून शेगडीचा भाग दोन-तीन इंच खाली घ्यावा, नाहीतर शेगडी ओट्यात बसवून घ्यावी. सिंक मात्र उलट. भांडं धरलेले हात सिंकच्या तळाशी असतात, म्हणून सिंकची कड थोडी वर हवी, आणि सिंक फार खोल नको. सुताराला हे सांगितलं की तो म्हणतो, एका रेषेत दिसणार नाही. नको दिसू दे.

ओट्याखाली पाऊल सरकवायला तीन-चार इंचांची खाच हवी, म्हणजे पोट कडेला टेकतं आणि कंबर वाकत नाही. रोज लागणारे डबे खांद्याच्या आणि गुडघ्याच्या मध्ये. माळ्यावर फक्त वर्षातून दोनदा लागणारं सामान, आणि तेही साठी ओलांडलेल्या माणसाने काढायचं नाही. स्वयंपाकघरात एक उंच स्टूल असावं, मटार सोलणं, पोळ्या लाटणं यासाठी. बसून काम करणं म्हणजे आळस, ही समजूत ज्या घरांत आहे तिथे ती मोडायला हवी.

फोडणीच्या धुराचं तसंच. तेल तापतं, मोहरी तडतडते, मिरची पडते. डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी बारीक कणांचा धूर होतो. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो तो वेगळाच. एक्झॉस्ट पंखा शेगडीच्या जितका जवळ आणि वर असेल तितका चांगला. आणि एक गोष्ट बऱ्याच घरांत राहून जाते. पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा दुसरीकडून आत यायला वाट हवी. दार-खिडक्या सगळ्या बंद करून एक्झॉस्ट लावला तर तो नुसता आवाज करतो. डक्टकडची खिडकी बंद ठेवावी, हॉलची उघडी.

वाऱ्याचा नियमही साधा आहे. एकाच भिंतीला खिडकी असेल, तर वारा आणि उजेड खोलीत मर्यादित अंतरच जातो. समोरासमोर किंवा शेजारच्या भिंतीला दुसरी वाट असेल तर तो आरपार जातो. जुन्या घरांत दारावर झरोके किंवा झडपा असत. गरम हवा वर जाऊन त्यातून निघून जाई, दार बंद असलं तरी. एसी बसवताना आपण ते बुजवले, आणि फॉल्स सीलिंग करून खोलीची उंची आणखी फूटभर कमी केली. पंख्याने दोन-तीन अंशांचा दिलासा मिळतो, तोही छत खाली आलं की कमी होतो. ज्या घराचा वरचा मजला तापतो, त्याने गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग द्यावा. अहमदाबादने अशा पांढऱ्या छपरांचा कार्यक्रमच हाती घेतला. विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या घरांना त्याची गरज अधिक आहे.

पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवरचा त्रास ओलीचा. बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट ठेवलं की मागे बुरशी धरते आणि घरातल्या दमेकऱ्याचा खोकला वाढतो. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे सरकवलं की हवा खेळते. एवढंच.

म्हाताऱ्या माणसांच्या खोलीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, पण दोन गोष्टी तरी आत्ताच. एक, रात्री कॉटपासून संडासापर्यंतची वाट. ती स्वतः एकदा अंधारात चालून बघावी. मध्ये टीपॉय, पायपुसणं, उंबरा, ओली फरशी, दूर असलेलं बटण यांतलं काय काय आडवं येतं? वाटेवर पायाच्या उंचीला छोटा दिवा, संडासात आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्की बसवलेली धरायची दांडी, खरबरीत टाइल. टॉवेलची दांडी धरायला चालत नाही, ती उपटून येते. दोन, दिवसाची जागा. हातांची खुर्ची, खिडकीशी, जिथून रस्ता किंवा जिना दिसेल आणि घरातल्यांचं बोलणं ऐकू येईल. दाराशी कोण आलं ते आधी कळणं, हे त्या वयात घराशी असलेलं नातं टिकवतं.

लहान घरात प्रत्येकाला खोली देता येत नाही. पण प्रत्येकाला एक कोनाडा देता येतो. एक फडताळ, एक कप्पा, भिंतीचा दोन फुटांचा तुकडा, ज्याला दुसरं कुणी हात लावणार नाही. मुलांना आपण अभ्यासाचं टेबल देतो. वडिलांचे कागद असतात, त्यांचं कपाट असतं. आईचं काय असतं, हे घरोघरी विचारून बघावं. तिची पुस्तकं, चष्मा, औषधं, फोनचा चार्जर बहुतेक वेळा फ्रिजवर असतो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की मुंबई, ठाणे, पुणे इथल्या हजारो जुन्या इमारती या वर्षांत पाडल्या जात आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींमध्ये १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाव्या मिळाल्या. हा आनंदाचा दिवस होता, आणि तो त्यांच्या हक्काचा होता. सहकारी सोसायट्यांमध्येही पुनर्विकासाच्या सभा रोज होत आहेत. त्या सभांमध्ये कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग किती यावर रात्री बारापर्यंत वाद होतात. स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. विचारणारी व्यक्ती सभेला नसते, कारण ती त्या वेळी स्वयंपाकघरात असते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या सोसायटीची पुढची सभा असेल तेव्हा घरातल्या बायकांनी आणि ज्येष्ठांनी आवर्जून जावं. विकासकाकडून फक्त फ्लॅटचा नकाशा घेऊ नये. इमारतीचा उभा छेद मागावा आणि आजूबाजूच्या इमारतींसह जागेचा आराखडा मागावा. मधलं अंतर किती, समोरची उंची किती, ते पट्टीने मोजून दुपटीचा हिशेब करावा. खालच्या मजल्यांवरच्या सभासदांना दिवसा दिवा न लावता वाचता येईल का, हे आर्किटेक्टला सभेतच विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावं. स्वयंपाकघराला बाहेरची भिंत मिळणार नसेल, तर नकाशा बदलून मागावा. करारावर सह्या होईपर्यंत नकाशा बदलता येतो. सह्या झाल्या की पुढची पन्नास वर्षं त्याच भिंतीकडे बघत स्वयंपाक करावा लागतो.